हाकेचं नाव

नुरिस पेगेरोच्या धाकट्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या ते साल २०१९. त्यांचा बाप्तिस्मा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी होता. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी दहाला, नगरपालिकेच्या सवलती कुणाला मिळणार याची जी यादी नुरिसच्या कंपनीनं यंत्राकडून केली होती, तिच्यावर नगरपालिकेची सही व्हायची होती. एवढी सही झाली की आणखी सात गावांचं काम तिच्याकडे येणार होतं.

नुरिस लास सेबास वस्तीतलीच. राजधानीत, सान्तो दोमिंगोला, सरकारी धोरणांचं शिक्षण घेतलं, दहा वर्षं मंत्रालयात काढली, मग नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. यंत्रानं माणसाशी न्यायानं कसं वागावं, हे ती विद्यापीठात शिकवायची, आणि शनिवारी चर्चच्या खोलीत वस्तीतल्या बायकांना संगणक. तिच्या हेतूत खोट काढावी अशी ती बाई नव्हती.

जेवणं चालली होती. एदुविहेस, जिला सगळे मानानं दोन्या म्हणत, तीस वर्षं वस्तीला सुया टोचत आलेली म्हातारी परिचारिका, ताट न घेताच नुरिससमोर येऊन उभी राहिली.

"पोरी, गाडी कुठाय?"

"दारातच आहे. का हो?"

"तुझी नव्हे. नगरपालिकेची. बाकालाओला डायलिसिसला नेणारी. आठवडा झाला, आली नाही."

नुरिसचा घास हातातच राहिला. ती गाडी आता तिच्याच यादीप्रमाणे फिरत होती; सहीपूर्वी पंधरा दिवस यादी चालवून बघायची, असं ठरलं होतं. तिनं फोनमध्ये यादी उघडली.

"त्यांचं खरं नाव काय?"

दोन्यानं टेबलाकडे बघितलं. टेबलाशी बसलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं. तरुणपणी खारवलेल्या माशासारखा वाळका होता, म्हणून त्या माशाचंच नाव, बाकालाओ, त्याला पडलं. त्याआधी त्याला काय म्हणत होते, ते कुणालाच माहीत नव्हतं. नुरिस लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघायची. तिलाही माहीत नव्हतं.

दोघी त्याच्या घरी गेल्या. बाकालाओ खुर्चीत बसला होता, कारण आडवं झालं की श्वास लागत होता. पाय सुजून टम्म झाले होते.

"गाडी आली नाही तर सांगायचं नाही का?" दोन्या ओरडली.

"बिघडली असेल म्हटलं. कायम बिघडते." तो धापा टाकत हसला. "बाकालाओ शिजवण्याआधी भिजत घालतात ना. तसा भिजलोय बघ."

ओळखपत्र संताच्या तसबिरीमागे होतं. क्रेसेन्सियो मातेओ सोसा. नुरिसनं नाव शोधलं. सापडलं, पण खोडलेल्यांत. शेजारी कारण लिहिलं होतं: तीन शेजाऱ्यांनी सांगितलं, अशी व्यक्ती इथे राहत नाही.

तो नियम नुरिसचाच. मेलेल्यांची आणि परदेशी गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं यादीत राहतात, त्यांच्या नावावर भलतेच लोक सवलती खातात, म्हणून तिनं तो केला होता. यंत्र तीन शेजाऱ्यांना फोन करायचं, पूर्ण नाव विचारायचं. तिघं नाही म्हणाले की नाव कटलं.

तिनं त्या तिघांची नावं मोठ्यानं वाचली. दारातून कुणीतरी म्हणालं, "तिसरा मी."

तो शेजारचा मेयो होता, हातात बाकालाओसाठी आणलेलं ताट घेऊन.

"तू?" दोन्या म्हणाली. "चाळीस वर्षं याच्यासमोर बसून डॉमिनो खेळतोस, आणि नाही म्हणालास?"

"मी बाकालाओबरोबर खेळतो. हा क्रेसेन्सियो कोण, मला काय ठाऊक? फोनवर एक बाई पढवल्यासारखी बोलत होती. आणि ठाऊक असतं तरी नाहीच म्हणालो असतो. अख्खं नाव घेऊन आपल्या गल्लीत कोण येतं? पोलीस, नाहीतर कोर्टाचा माणूस." मेयोनं ताट खाली ठेवलं. "मी त्याला वाचवतोय असं वाटलं असतं मला."

बाकालाओला नुरिसच्या गाडीत घातलं. वाटेत त्याचे ओठ निळे पडायला लागले. मेयो मागच्या सीटवर त्याला धरून बसला होता आणि सारखं त्याच्याशी बोलत होता, उत्तर आलं नाही तरी.

दवाखान्यात त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. नुरिसनं बाहेरच्या बाकावरून भागीदाराला, एरिबेर्तोला, फोन लावून झालेलं सांगितलं.

"सही होऊ दे," एरिबेर्तो म्हणाला. "मग हवं ते दुरुस्त करू. एकशे त्रेचाळीस नावं कापलीत, त्यात एखाददुसरं चुकायचंच."

"एखाददुसरं? वस्तीत पूर्ण नावानं कुणीच कुणाला ओळखत नाही, एरिबेर्तो."

"मग हे तुला आधी का सुचलं नाही? तू तिथलीच ना?"

तिनं फोन ठेवला. दोन्या शेजारीच बसली होती, सगळं ऐकत.

"तुझं यंत्र खोटं वागलं नाही," दोन्या म्हणाली. "मेयो खोटं बोलला नाही. आणि माणूस आत मरायला टेकलाय. मग चूक कुणाची, बाईसाहेब?"

"प्रश्नाची," नुरिस हळू म्हणाली. "विचारायची पद्धतच चुकली."

"विचारणारीची. प्रश्न काय झाडाला लागतो? तू इथे येऊन दार ठोठावलं असतंस तर बाकालाओनंच उघडलं असतं."

संध्याकाळी बाकालाओनं डोळे उघडले, तेव्हाच ती बाकावरून उठली.

सोमवारी दहाला नगरपालिकेच्या सभागृहात पत्रकार बसले होते. नुरिस उभी राहिली आणि म्हणाली, "या यादीवर सही करू नका. ती चुकीची आहे आणि चूक माझी आहे." नगराध्यक्ष तिच्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, हे आपण आत बोलू." ती म्हणाली, "सही सगळ्यांदेखत व्हायची होती, तर हेही सगळ्यांदेखतच."

सात गावं राजधानीतल्या दुसऱ्या कंपनीकडे गेली. एरिबेर्तो दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलला. पण शनिवारच्या वर्गातल्या बायका यादी घेऊन दारोदार फिरल्या. पहिला प्रश्न एकच: तुम्हाला हाक काय मारतात? एकशे त्रेचाळिसांपैकी एक्याण्णव माणसं आपापल्या घरात सापडली. बाकीची खरोखरच मेली होती किंवा न्यूयॉर्कला गेली होती. म्हणजे नुरिसचा संशय अगदीच खोटा नव्हता; पण त्या एक्याण्णवांना त्याचं काय?

मंडळी, यंत्र वापरू नका असं कुणी सांगत नाही. नाव यादीत घालताना खुशाल यंत्राला विचारा. पण माणसाचं नाव खोडायचं असेल, तर आधी कुणीतरी त्याच्या दारात उभं राहून त्याला हाक मारली पाहिजे, आणि तो ज्या नावानं ओ देतो त्याच नावानं. एवढे कष्ट घ्यायचे नसतील, तर खोडायचा हक्क आपल्याला नाही.

गाडी पुन्हा सुरू झाली होती. पण त्या आठवड्यात हृदयावर आलेला ताण काही उतरला नाही. क्रेसेन्सियो मातेओ सोसा, ज्याला लास सेबासमध्ये बाकालाओ म्हणत, १९ सप्टेंबर २०१९ रोजी, गुरुवारी दुपारी, सरकारी दवाखान्यात वारला. त्याचं वय अडुसष्ट होतं.