भोक दाखवा

"आई, हे वाचून मला आबांनाच प्रवेश द्यावासा वाटतोय," लेक म्हणाली आणि तिनं हातातला कागद मेजावर ठेवला.

सूनबाईनं कोटाच्या कोपरातून सुई ओढून घेतली. "का? काय वाईट लिहिलंय?"

"वाईट काहीच नाही. आबांनी दुकान काढलं, आबांनी शिकवलं, आबांचा हात असा, आबांची नजर तशी. तू कुठायस यात? केर काढायला होतीस का?"

आबा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. झोपलेत असं वाटत होतं, पण स्वतःची स्तुती चालू असताना झोपतील ते आबा कसले! "चांगलं लिहिलंय की," ते म्हणाले. "एक अक्षर बदलू नकोस."

रफूचं हे दुकान आबांचं. लेकीची आई लग्न होऊन आली तेव्हा आबा तिला सूनबाई म्हणत. ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली आणि आता सगळा रस्ताच तिला सूनबाई म्हणतो, अगदी शाळकरी मुलंसुद्धा. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षाचे निम्मे महिने पाण्यावर. त्यामुळे घरात माणसं तीन आणि मतं तीस.

दुकानाची एक रीत होती. कपडा तयार झाला की आबा तो गिऱ्हाइकापुढे पसरायचे आणि म्हणायचे, "भोक दाखवा." कुठं भोक होतं ते ज्याला सापडेल त्यानं कपडा फुकट न्यावा. आजवर कुणी नेला नव्हता. रफू दिसला की रफूगाराची अब्रू गेली, हे आबांचं ठरलेलं वाक्य. सूनबाईच्या ते इतकं हाडीमांसी खिळलं होतं की ती माणसांतही तशीच, न दिसता वावरायची. आबांची नजर अधू झाल्यापासून सगळं काम तीच करत होती, पण शाबासकी अजून खिडकीकडेच जायची. तिला त्याचं काही वाटत नसे. निदान तसं ती म्हणायची.

मग एकदा लेकीनं तिला संग्रहालयात नेलं. तिथं काचेमागे कुण्या काळचा एक रेशमी झगा टांगलेला होता आणि त्याच्या बाहीवर एक जुनी डागडुजी होती. सूनबाई त्या काचेला नाक लावून जी उभी राहिली ती पहारेकरी दिवे मालवायला आला तरी हलेना. अशी वस्त्रं राखायचं शिक्षण शहराच्या विद्यापीठात मिळतं, पदवी नसली तरी हातात कसब असलेल्यांसाठी तिथं दोन जागा असतात, हे लेकीनं शोधून काढलं. अर्ज मात्र ढिगानं येत. निवड व्हायची ती एका निवेदनावर: तुम्ही कोण, आणि इथं का यायचंय? इतकं हवंहवंसं सूनबाईला आयुष्यात दुसरं काही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षीचं निवेदन मायलेकींनी संगणकावरचे नमुने पाहून रचलं होतं. 'वस्त्र म्हणजे मानवी संस्कृतीची मूक भाषा,' अशी त्याची सुरुवात. वाचून दाखवल्यावर आबांनी मान हलवली होती. "दोरा बाहेरचा आहे."

रफूला लागणारा धागा बाजारातून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक तार ओढून घेतात, तेव्हा कुठं तो रंगाला आणि पोताला मिळतो. आबांचं म्हणणं खरं ठरलं. 'अर्जदाराविषयी काहीच कळत नाही,' असं एका ओळीचं उत्तर आलं. अर्ज दोनदाच करता येत होता, म्हणजे ही शेवटची खेप.

"तुझं सांग ना काहीतरी," लेक म्हणाली. "फक्त तुझ्याच बाबतीत घडलेलं."

"माझ्या बाबतीत काय घडणार? भोकं येतात, मी बुजवते."

"मग भोकच दाखव की! ते न दाखवता नुसतं बुजवलं बुजवलं म्हटलंस तर समोरच्याला काय कळणार?"

आबांनी डोळे उघडले. "ती रडलेल्या बाईची गोष्ट लिही. बहार आहे ती."

ही आबांची लाडकी गोष्ट. सूनबाई नवीन असताना एक म्हातारी बाई लोकरीची शाल घेऊन आली. कडेला कसर लागली होती, तेवढी नीट करायची होती. सूनबाईनं कड तर केलीच, वर मधोमध एक जळकं भोक होतं तेही बुजवून टाकलं, न सांगता, आपल्या मनानं. "आणि मी म्हटलं, भोक दाखवा," आबा रंगात आले. "बाई शोधतेय, शोधतेय. उलटी करते, सुलटी करते. सापडेल कसं? शेवटी रडायलाच लागली! गिऱ्हाइकाला रडवणारा रफू दुसऱ्या कुणी केलाय का, सांगा."

"पुढचं सांगा आबा," सूनबाई म्हणाली.

"पुढं काही नाही."

"आहे." सूनबाईनं सुई गादीत टोचून ठेवली आणि लेकीकडे वळली. "तिच्या नवऱ्याला पाइप ओढायची सवय होती. ते भोक त्याच्या ठिणगीनं पडलेलं. तो गेल्यावर ती रात्री त्या भोकात बोट घालून झोपायची. माझ्या हौसेपायी मी तेच पुसून टाकलं होतं. मग मी ती शाल परत मागून घेतली आणि रफू उसवला. एकेक तार सोडवली. जळकी कड मी आत दाबली होती म्हणून बरं, जशीच्या तशी हाती आली. भोक होतं तसं करून दिलं."

लेकीनं मेजावरचा कागद उलटा केला. "आणि हे तू लिहिणार नव्हतीस? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"रफूगारानं उसवलेल्या कामाच्या गोष्टी सांगायच्या नसतात," आबा एकदम कडाडले. "दुकानाची अब्रू वेशीवर टांगायची असेल तर खुशाल टांगा." आणि काठी आपटत आत निघून गेले.

दोन दिवस आबांनी अबोला धरला. चहाचा कप मात्र वेळेवर रिकामा होत होता. सूनबाई सुईत दोरा ओवायची आणि पुन्हा काढायची. ज्यांनी सुई हातात दिली त्यांना दुखवायचं, की हातची शेवटची संधी घालवायची? तिसऱ्या सकाळी दुकान उघडायच्या आधी ती मेजाशी बसली आणि तिनं लिहायला घेतलं. तारेमागून तार निघावी तसं ते आतून निघत गेलं. मग तिनं आबांना बोलावून आणलं आणि उभ्यानंच वाचून दाखवलं.

"बुजवणं मला आबांनी शिकवलं. काय बुजवू नये, हे मला एका रडणाऱ्या बाईनं शिकवलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, यातलं काय ठेवायचं? काहीजण हसतात. काहीजण बोट ठेवतात. तुमच्या काचेमागच्या वस्त्रांना असं विचारता येत नाही. त्यांच्या वतीनं विचारायला मला शिकायचंय. माझा हात चांगला आहे. हे मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि ते खरं आहे."

आबांनी नजर खिडकीबाहेर वळवली. त्यांना तिथलं फारसं काही दिसत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"दोरा घरचाच आहे," ते म्हणाले. "पाठव."

मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे तिघं बसले होते, मधल्या बाई वयस्कर, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी कसब विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. फक्त शालीबद्दल विचारलं. लोकर कोणती होती, तार कुठून ओढली, उसवताना फाटण्याची भीती वाटली का?

"वाटली तर! म्हणून एका वेळी एकच तार सोडवली."

"आज तशीच शाल आली तर उसवाल?"

"आज उसवायची वेळच येऊ देणार नाही. आधी विचारेन."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि शेजारच्याकडे पाहून हसल्या. सूनबाई बाहेर आली तेव्हा जिन्यावर लेक नखं खात उभी होती. "काय झालं?" तिनं विचारलं. "मी पुष्कळ बोलले गं," सूनबाई म्हणाली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. लेकीनं तिथंच आईला मिठी मारली, इतकी घट्ट की सुईगादी दोघींमध्ये चेंगरली आणि दोघीही ओरडल्या. जहाजावरून नवऱ्याचा फोन आला, त्यातलं वारंच जास्त ऐकू आलं. आणि खिडकीकडे न जाता एक गिऱ्हाईक सरळ सूनबाईसमोर येऊन म्हणालं, "शाबास." तिनं मान खाली घातली नाही. आनंदानं ऊर भरून येणं म्हणजे काय ते तिला त्या दुपारी कळलं.

पहिल्या तासाच्या दिवशी सकाळी ती निघायच्या तयारीत होती. आबा आतून स्वतःचा जुना करडा कोट घेऊन आले आणि त्यांनी तो मेजावर पसरला.

"भोक दाखव," ते म्हणाले.

"कसलं भोक?"

"तुझी सासू गर्दीत माझ्या डाव्या खिशाला धरून चालायची. एकदा हिसका बसला आणि खिशाच्या कोपऱ्याशी कोट फाटला. मी त्याच दिवशी रफू केला. मोठा शहाणा ना मी!" आबांनी कोटावरून हात फिरवला. "ती गेल्यापासून मी ते शोधतोय. मला सापडत नाही."

सूनबाईनं कोट उजेडाकडे धरला. काहीच दिसेना. आबांचा हात तो, दिसेल कसा? तिनं डोळे मिटले आणि डाव्या खिशाच्या कडेनं नख फिरवलं, अगदी आबांनीच शिकवलं होतं तसं, पोताच्या उलट्या अंगानं. गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. एका जागी ते किंचित अडलं. तिनं आबांचं बोट धरून तिथं टेकवलं.

आबांच्या त्या सगळ्या वर्षांत भोक दाखवणारी ती पहिलीच.

"उसव," आबा म्हणाले.

तिनं सुई घेतली. उशीर होत होता, तरी घाई केली नाही. शेवटची तार सुटली तसा खिशाचा कोपरा लोंबला आणि त्याखाली दोन बोटं जातील एवढी फट उघडली. आबांनी त्यात बोटं घातली आणि बराच वेळ काढलीच नाहीत. मग त्यांनी तो कोट अंगात चढवला, काठी घेतली आणि म्हणाले, "चल, विद्यापीठाच्या फाटकापर्यंत सोडतो तुला."

सगळ्या रस्त्यानं ती दोघं चालत गेली, आबा मान ताठ करून, सूनबाई त्यांच्या डाव्या बाजूनं. कोपऱ्यावरचा न्हावी दारातून ओरडला, "अहो आबा, रफूगाराच्या कोटाला भोक?"

आबा थांबले, त्याच्याकडे वळले.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं, आणि पुढं चालू लागले.