मास्तरीणबाईंचा उजवा पाय

मास्तरीणबाईंनी सव्वीस वर्षं लोकांना मोटार शिकवली, आणि सव्वीस वर्षं त्या बसल्या शेजारच्या सीटवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, ॲक्सिलरेटर मात्र नसतो. म्हणजे बाईंच्या वाट्याला गाडी थांबवणं तेवढं आलं, पळवणं काही आलं नाही. तरी दरारा असा की विचारू नका. नाकावर माशी बसू देतील तर त्या बाई कसल्या.

शिकायला येणाऱ्यांना त्या नावानं कधी हाक मारत नसत. गाडी रेंगाळत नेणारा गोगलगाय, वळणावर डोळे मिटणारी झोपाळू, आणि क्लच सोडताना गाडीला हिसके देणारा एक पोरगेला विद्यार्थी होता, तो गचके. चारचौघांत, मोठ्यानं. बाईंना वाटायचं, हे सगळं लाडानं चाललंय.

तर अशा या बाईंच्या डोक्यात चोपन्नाव्या वर्षी स्पोर्ट क्वाड बाइक शिरली. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, आणि रस्ता सोडून मातीत उंडारायचं, अशी ती गाडी. बाईंना तिच्यातली एकच गोष्ट भावली होती. तिला सीट एकच असते. शेजारी कोणी नाही, मागे कोणी नाही, आपण बसायचं आणि आपणच न्यायची. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात गाडी देऊन जीव मुठीत धरून बसलेल्या बाईला याहून मोठं सुख ते काय वाटणार?

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. खालची ओळ दिसतेय का, हे विचारण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज चढवणं त्याला ठाऊकच नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "घे. पण जपून."

"जपून काय जपून," बाई म्हणाल्या. "चार चाकंच आहेत ना? मी घेणार ती मोठीच घेणार. मला काय शिकायचंय त्यात."

हे त्या नुसतं घरात म्हणाल्या असत्या तर भागलं असतं. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्येही सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. आतून मात्र त्यांना धाकधूक होती. इतक्या वर्षांत त्या काही नवीन शिकल्याच नव्हत्या, आणि शिकणाऱ्याची काय गत होते हे त्यांच्याइतकं कोणी जवळून पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी आपली फजिती झाली तर पुन्हा या गाडीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी दोघं शोरूममध्ये गेले. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यापुढे मातीचं मैदान आणि जुने टायर मांडून आखलेली वळणावळणाची वाट. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यानं शिकवणाऱ्यासमोर त्या वाटेवर एक फेरी मारून दाखवायची, मगच गाडी मिळणार, असा तिथला नियम होता. बाईंना नियम पसंत पडला. नियम दुसऱ्यांसाठी असतात अशीच त्यांची समजूत होती म्हणा.

आणि शेडमधून फडक्याला हात पुसत शिकवणारा बाहेर आला. तिशी ओलांडलेला, अंगानं भरलेला, पण कान तेच. बाहेर आलेले, जरा लालसर. गचके.

त्यानंही ओळखलं असणार. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, इतकंच. बाईंनीही दाखवलं नाही. चौदा वर्षांपूर्वी अठरा क्लास करून परीक्षेच्या आदल्या दिवशी हा मुलगा यायचा बंद झाला होता. शेवटच्या क्लासला बाई त्याला म्हणाल्या होत्या, "तू आपली सायकल चालव. ती बंद पडत नाही."

"आधी कधी चालवलीय, मॅडम?" त्यानं विचारलं.

"गाड्यांत आयुष्य गेलंय माझं."

"क्वाड?"

"साधारण," बाई म्हणाल्या. नवऱ्याला खोकला आला.

त्यानं तीन गाड्या दाखवल्या. एक लाल, उंच, साडेचारशे सीसीची, शर्यतीतली म्हणावी अशी. एक मधली. आणि एक निळी, अडीचशेची, दिसायला नाजूकच. "पहिलीच गाडी असेल तर ही निळी घ्या," तो म्हणाला. "हलकी आहे, चुकलात तरी सांभाळून घेते. यांचा वेग अंगठ्यानं वाढतो, आणि लाल गाडीला तो जरा जास्त लागला तर ती तुमचं ऐकायची नाही."

बाईंना वाटलं, आला. सूड उगवायला आला. चौदा वर्षं वाट बघत होता, आता नवऱ्यादेखत आपल्याला खेळण्यातल्या गाडीवर बसवणार.

"लाल," त्या म्हणाल्या.

तो वाद घालत बसला नाही. त्यानं हेल्मेटचा पट्टा तपासला आणि गाडीची लाल दोरी बाईंच्या मनगटाला अडकवली. पडलात तर ही गाडीतून सुटते आणि इंजिन आपोआप बंद होतं, असं सांगितलं. गॅस, म्हणजे ॲक्सिलरेटर, उजव्या अंगठ्यानं, क्लच डाव्या हातानं, गिअर डाव्या पायानं, मागचा ब्रेक उजव्या पायानं. आणि काही झालं तरी पाय खाली टेकवायचा नाही, मागचं चाक पायावरून जातं. सगळं एकदाच, सावकाश, न ओरडता. शिकवायची ही पद्धत बाईंना नवीनच होती.

मग त्यानं इंजिन सुरू केलं. बाईंच्या खालची गाडी थरथरायला लागली, ती थरथर दाढांपर्यंत पोचली, आणि अंगठा नुसता टेकला तर ते धूड असं काही गुरगुरलं की बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. समोर टायरचं पहिलं वळण, त्याच्यापलीकडे तारेचं कुंपण. बाईंना साफ कळलं की आपण क्लच सोडला तर आपण त्या कुंपणात जाणार. नवरा कुंपणापाशीच उभा होता. हात हलवून हसत होता बिचारा.

बाईंनी इंजिन बंद केलं. जे वाक्य त्यांच्या तोंडून सव्वीस वर्षांत कधी निघालं नव्हतं ते आता कसं निघालं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मला येत नाही."

"बरं," तो म्हणाला.

"अजिबात येत नाही. साधारणही नाही. मला भीती वाटतेय."

"बरं झालं सांगितलंत. उतरा."

एवढंच. ना हसला, ना टोमणा मारला. बाई उतरल्या तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. इतकं सोपं असतं होय हे, असं त्यांच्या मनात आलं.

निळ्या गाडीवर बसल्यावर पाय नीट पोचले, हँडल हातात मावलं. बाईंना धीर आला. त्यांनी पहिला गिअर टाकला, अंगठा हळूच दाबला आणि क्लच सोडायला घेतला. गाडीनं एक जोराचा हिसका दिला आणि ती बंद पडली.

पुन्हा सुरू. पुन्हा हिसका, पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा बाईंचं हेल्मेट पुढे येऊन नाकावर बसलं. नवरा शहाणा, तो पाठ फिरवून टायरवर काय लिहिलंय ते वाचायला लागला. बाईंच्या कानशिलांना घाम फुटला. आता म्हणेल, आता म्हणेल, असं त्यांना प्रत्येक हिसक्याला वाटत होतं. तो एक शब्द उच्चारायचा त्याला पुरेपूर हक्क होता. त्यांनी तो ऐकायची तयारीसुद्धा केली.

तो काही बोलला नाही. गाडीजवळ येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "पुन्हा करा. मला बघू द्या." गाडी पुन्हा बंद पडली. "मॅडम, तुमचा उजवा पाय बघा."

बाईंनी खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता, दाबलेला होता.

"हा मी कधी दाबला?"

"दर वेळी दाबताय. क्लच सुटायला लागला की पाय खाली जातो. गाडी पुढे जायला बघते आणि तुम्ही तिला धरून ठेवता. मग ती दुसरं काय करणार?" तो उठला. "असतात अशा सवयी. जाईल."

बाई गाडीवर बसल्या त्या बसूनच राहिल्या. क्लच सुटायला लागला की. त्यांच्या डोळ्यांपुढे जुनी गाडी आली आणि तिच्यात घामाघूम झालेला, कान लाल झालेला हा. पहिल्याच दिवशी यानं गाडी एका शाळेच्या फाटकावर नेली होती, वीतभर अंतरावर बाईंनी थांबवली होती. त्या दिवसापासून हा क्लच सोडायला लागला की बाईंचा श्वास अडकायचा. आणि पाय? पायाचं कोणी बघितलं होतं? तो बिचारा समोर रस्त्याकडे बघत असायचा, आणि बाई त्याच्याकडे.

हे फक्त बाईंना समजलं होतं. त्या मूग गिळून गप्प बसल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं.

"तू मोटार कुठली चालवतोस?" त्यांनी विचारलं. तोवरचं एकमेकांना ओळखत नसल्याचं नाटक तिथंच संपलं.

"मोटार नाही चालवत, मॅडम. बायको चालवते." तो हँडलवरची धूळ पुसत राहिला. "मुलगी विचारते, बाबा का नाही चालवत म्हणून. सांगतो, मला आवडत नाही. खरं म्हणजे मला ते जमत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे."

बाईंनी हेल्मेट काढलं. केस विस्कटले होते, नाकावर वळ उठला होता. अशा अवतारात त्या आयुष्यात कोणासमोर गेल्या नव्हत्या.

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. "गाडी तू बंद पाडत नव्हतास. मी पाडत होते."

तो हसला, म्हातारं माणूस समजूत घालतंय असं वाटून. "असू द्या हो."

"असू द्या नाही. ऐक. ते फाटक आठवतंय? त्यानंतर तू क्लच सोडलास की माझा पाय ब्रेकवर जायचा. आत्ता गेला तसाच. मला माहीत नव्हतं, शपथ घेऊन सांगते, माहीत नव्हतं. आणि वर तुला चारचौघांत नाव ठेवलं. अठरा क्लास तू माझे हिसके खाल्लेस. चूक माझी होती."

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग तो शेजारच्या टायरवर बसला. बाईंना वाटलं, आता हा चिडणार, आणि चिडला तर त्याचं काही चुकणार नाही.

"चौदा वर्षं," तो म्हणाला. "मला वाटायचं माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे. अठरा क्लास करून साधी गाडी पुढे सरकत नाही म्हणजे काय." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि एकदम हसायलाच लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे मी ठीक होतो?"

"ठीक होतास. क्लच तर अगदी हळू सोडायचास तू."

"मॅडम, हे तुम्ही तेव्हा नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांनाही रडू येत होतं, पण ते रडू बरं वाटत होतं. नवरा लांबून बघत होता. इतकी माफी आपल्या बायकोनं कधी कोणाची मागितली होती हे तो आठवून बघत असावा. पाठ फिरवायचंही तो विसरला.

मग बाईंनी निळ्या गाडीवर फेरी मारली. त्यानं युक्ती सांगितली, उजव्या पायाची टाच मागे सरकवून पावलाचा मधला भाग फूटरेस्टवर टेकवा, म्हणजे बोटं ब्रेकपर्यंत जाणारच नाहीत. क्लच सुटला. गाडी जराशी बिचकली आणि चालायला लागली. पहिलं वळण बाईंनी इतक्या हळू घेतलं की नवरा शेजारून चालत गेला असता तरी पुढे निघाला असता. तिसऱ्या वळणावर त्यांनी अंगठा थोडा जास्त दाबला. माती उडाली, पोटात गुदगुल्या झाल्या, आणि आजूबाजूला ओरडायला कोणी मिळेना म्हणून बाई नुसत्याच हसत सुटल्या.

परत आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "हीच. निळी."

"स्कूलमध्ये मोठी घेणार म्हणून सांगितलंयस ना?" नवरा म्हणाला.

"सांगेन की, मोठी मला झेपली नाही. खरं तेच सांगायचं." त्यांनी मनगटाची दोरी सोडली आणि शिकवणाऱ्याकडे वळल्या. "रविवारी सकाळी मोकळा असतोस? स्कूलच्या मागच्या मैदानात ये. गाडी मी आणते. एकोणिसावा क्लास."

त्याचा चेहरा क्षणात तसाच झाला, चौदा वर्षांपूर्वीचा. "तुम्ही शेजारी बसणार?"

"मी मागे बसेन. मागच्या सीटवरून माझा पाय कुठंच पोचत नाही. मैदान रिकामं असतं, धडकायला काही नाही."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आणि गाडी बंद पडली तर?"

"तर ती तू पाडलेली असेल," बाई म्हणाल्या. "तुझी तू."

हे त्याला इतकं आवडलं, की गाडीचे कागद करायचे बाजूला ठेवून त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला.