गादी कोनाची

आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर बाई हाय. बडनेऱ्यात कोनालेबी इचारा, इंदूबाई म्हनलं की लोक आधी बाजूले सरकतात अन् मंग बोलतात. रेल्वेच्या पार्सल हापिसात बावीस वर्स शिपाईगिरी केली, ते काई गोड बोलून नाई केली. पन या गादीच्या मामल्यात सरकारची जे अक्कल पाह्यली, तिच्यापुढं माही शिवीबी थिटी पडली.

माह्या भिंतीले भिंत लागून रईसा राह्यते. जातीनं पिंजारी, गादी-रजईचं दुकान. नवरा दाऊद मानूस म्हनून सोनं, पन लहानपनापासून रुईची धूळ छातीत गेली, तं आता चार पावलं चालला का धाप लागते. डॉक्टरनं बजावलं, रुईजवय बसाचंच नाई. तवापासून पिंजन रईसानं हातात घेतलं. पिंजन म्हंजे मानसाएवढी कमान, तिले आतड्याची तार, अन् ते तार लाकडी ठोकनीनं दिवसभर ठोकाची. तिचा उजवा खांदा असा उतरला होता का वेनी घालाले हात वर जात नव्हता. तिकडे अमरावतीत मशीनवाले घंट्याभरात रुई पिंजून देऊन राहिले होते. दिवाळी झाली का लगनसराई. पोरीच्या आंदनात गादी-रजई द्या लागते, तेवढ्यावरच तिचं वर्स निघे. यंदा मशीन नाई आली तं गिऱ्हाईक एकदाचं जाईन अन् दुकानाले कुलूप लागन, हे तिले कोनी सांगाची गरज नव्हती.

ते साल कास्तकारायसाठीच्या सरकारी पॅकेजचं होतं. कापसाले भाव नव्हता, गावागावात सुतक होतं, अन् हापिसाहापिसात योजना उतू जाऊन राहिल्या होत्या. कोनाले म्हैस, कोनाले बियानं. त्यातच एक निंगाली, 'महिला व अल्पसंख्याक लघुउद्योजक साहाय्य योजना'. नावच एवढं लांब का अर्जावर दोन ओयी खाऊन जाये. धंद्याले लागनारी मशीन त्यातून भेटे. रईसा बाई हाय, अन् मुसलमानबी हाय. म्या म्हनलं, "पोरी, हे तं तुह्याच मापाचं शिवलं दिसते वो!"

शिवलं होतं, पन काजं नव्हती. अर्जासोबत दोन सरकारी नोकर जामीन पाह्यजेत. आता बोला! ज्या बाईच्या वयखीत दोन-दोन सरकारी नोकर हायेत, ते बाई गरीब कायची? रईसाच्या नशिबानं भिंतीपल्याड मी होती. दुसरी सही माह्या भावाची, संघपाल मास्तरची, म्या त्याच्या उरावर बसून घेतली. हापिसातल्या बाबूनं एका खेपेले फोटो लहान हाय म्हनून वापस पाठोलं, दुसऱ्या खेपेले मोठा हाय म्हनून. तिसऱ्या खेपेले मी संग गेली, म्हनून चौथी लागली नाई.

मंग दसऱ्याच्या आधी साहेब पाहनीले आले. मी सुटी टाकून हजर. रईसानं दुकान झाडून ठेवलं होतं, शिवलेल्या गाद्यायची थप्पी लावली होती. तिच्या गादीची खून अशी, का चारी कोपऱ्याले हिरव्या दोऱ्याची गाठ. गाद्या भाड्यानं देते, तं बदलू नये म्हनून. साहेबानं एका गाठीले बोट लावून पाह्यलं, "छान आहे," म्हनले. मंग त्यायनं कागद काढला अन् इचारलं, "हा धंदा कोणाचा?"

अन् या माह्या शहान्या पोरीनं काय करावं? डोक्यावर ओढनी घेतली, मान खाली घातली, खुर्चीवरच्या दाऊदकडे हात केला अन् म्हनली, "यायचाच हाय साहेब. मी कोन करनार? मी तं नुसता हातभार लावते."

घ्या!

केसात रुई, बोटायले सुईचे भोकं, खांदा उतरलेला, अन् म्हने नुसता हातभार! पन तिले तरी काय बोलू? आमच्याकडच्या साऱ्या बाया असंच बोलतात. नवरा जितेपनी कोनी बाई 'माहं' म्हनते काय? नजर लागते, लोक हासतात. माहा नवरा होता तवा म्या माह्या मजुरीतून बकरी घेतली होती, अन् कोनी इचारलं तं मीबी म्हनत होती, 'यायची हाय'. बकरीले तो कोन हे ठाऊकबी नव्हतं. इकडचं हे बोलनं कोनी खरं धरत नाई, ऐकनाऱ्याले समजते. साहेबाले समजलं नाई.

दाऊद खुर्चीवरून धापा टाकत म्हनला, "साहेब, तसं नाई, सगळं हेच करते, हिलेच इचारा." पन साहेबाचा पेन पुढं निंगून गेला होता. त्यायनं लिवलं, 'धंदा पतीचा. महिला अर्जदार नाममात्र. अर्ज नामंजूर.'

मी दुसऱ्या दिवशी हापिसात जाऊन टेबल वाजोला. "काहून हो साहेब, तुमाले डोये हायेत का नाई? तिचे हात नाई दिसले?"

"बाई, मी तिच्या तोंडचं लिहिलं. शासनाला नाममात्र महिला नकोत. खऱ्या उद्योजक महिला शोधायच्या आहेत."

"तं मंग नवऱ्याच्याच नावानं द्या. तोबी अल्पसंख्याकच हाय."

"पतीला धंदा करता येतो का?"

"त्याले श्वासबी घेता येत नाई!"

"मग कसं देणार?" साहेबानं फाइल बंद केली.

रईसा त्या दिवशी रडली. म्हने, "मावशी, मीच माह्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला." म्या म्हनलं, "तू नाई पाडला, तुह्या माह्या आज्यायनं पाडला, आपन नुसता उचलून फिरून राहिलो." पन मले तिचा रागबी आला होता, खोटं कावून बोलू? दोन दिवस म्या तिच्याशी धड बोलली नाई.

चारच दिवसात आमच्या वार्डाचे पुढारी खुशालराव तिच्या दुकानात आले. "पोरीले पाहाले पाहुने येऊन राहिले. पंधरा गाद्या अन् धा रजया दे एका दिवसापुरत्या." गाद्या गेल्या, सांजेले वापस आल्या. आमाले संशय काहून यावा? पोरीले पाहुने येतच असतात.

मंग दिवाळीआधी पुन्हा खुशालरावाचा मानूस आला. आता मोठा कार्यक्रम हाय, मांडवात बैठक घालाची हाय, गाद्या पाह्यजेत. रईसाचा भाड्याचा नेम सरय हाय, घंटे ठरवून घेते, अन् टाइम झाला का सोता जाऊन गाद्या उचलते. तिची सासूबी असंच करे. गादीवर मानूस लोळत असला तरी म्हने, उठ बापा, टाइम झाला. यावेळी ठरलं, तीन वाजेलोक.

त्या कार्यक्रमाले आमालेबी बोलावलं होतं. बोलावलं म्हंजे, खुर्च्या भराले बाया पाह्यजे होत्या. दुपारी एकचं टायमिंग, पाहुने आले साडेतीनले. तवर आमी मांडवात पदरानं वारा घेत बसलो. स्टेजवर रईसाच्या गाद्या अंथरल्या होत्या, वर पांढरी चादर, पन कोपऱ्यातून हिरव्या गाठी दिसत होत्या. गाद्यायवर पाहुने म्हनून आलेले मोठे साहेब, त्यायच्या बाजूले खुशालराव, अन् त्यायच्या बाजूले आमचा तोच पाहनीवाला साहेब, मांडी घालून.

माइकवाल्यानं पुकारलं, "आता आपल्या शहराच्या खऱ्या उद्योजक महिला! रुई पिंजण्यापासून रजई शिवण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं करणाऱ्या, चतुराबाई गादी भांडारच्या मालकीण, सौभाग्यवती चतुराबाई खुशालराव!"

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. चतुराबाई? जिनं जलमात सुईत दोरा ओवला नाई? जिच्या घरी उशीची खोयबी धोबी बदलते? ते बाई जरीच्या पातयात ठुमकत स्टेजवर चढली. पाहनीवाल्या साहेबानं उठून सांगतलं, "मी स्वतः यांच्या कारखान्याची पाहणी केली. पंधरा गाद्या, दहा रजया, एक नंबरचं काम! आणि मी विचारलं, धंदा कोणाचा, तर बाईंनी ताडकन उत्तर दिलं, 'माझा!' असा आत्मविश्वास हवा! पिंजाई मशीन यांनाच मंजूर झाली आहे."

टाया पडल्या. पोरीले पाहाले आलेले पाहुने कोन होते, ते मले तवा समजलं. अन् तो साहेब! दोन्हीकडे तेच गाद्या, तेच हिरव्या गाठी, एका जागी बोट लावून पाह्यलेली गाठ. अरे, ढोरबी आपला गोठा वयखते!

म्या रईसाकडे पाह्यलं. ते पांढरीफटक पडली होती. आता रडते, असं मले वाटलं. पन तिनं बाजूच्या बाईले नुसतं इचारलं, "किती वाजले?"

"साडेचार."

रईसा उठली. सरय स्टेजवर चढली अन् मोठ्या साहेबाच्या पुढं जाऊन म्हनली, "उठा साहेब. टाइम झाला."

मोठे साहेब गोंधयले. त्यायले वाटलं जेवाले बोलावून राहिली. ते उठले तसी तिनं चादर ओढली अन् पहिली गादी गुंडायली. चतुराबाई पदर सावरत मांगं सरकली. खुशालराव वरडले, "ए बाई, काय करून राहिली तू?"

"माह्या गाद्या नेऊन राहिली. तीन वाजेलोकच बोली होती. तुमच्या मालकिनीकडे असतीनच ना घरच्या गाद्या? आना म्हना."

मांडवात बाया हासाले लागल्या. आधी तोंडाले पदर लावून, मंग उघड. मीबी एव्हाना स्टेजवर पोचली होती, कारन असं काम मी बसून पाहूच शकत नाई.

पाहनीवाला साहेब मात्र मांडी सोडत नव्हता. दबक्या आवाजात म्हने, "अहो बाई, तमाशा करू नका. तुम्हीच तर लिहून दिलंत, धंदा नवऱ्याचा आहे म्हणून."

"लिवलं तुमी. म्या म्हनलं होतं, ते चूक माही," रईसा म्हनली. डोक्यावरची ओढनी खांद्यावर आली होती, तिनं ते नीट केली नाई. गादीचा कोपरा उलटा करून तिनं ते हिरवी गाठ त्याच्या नाकापुढं धरली. "आता इचारा. सगळे ऐकून राहिले. इचारा ना साहेब, हा धंदा कोनाचा?"

साहेबानं खुशालरावाकडे पाह्यलं. खुशालरावानं मांडवाच्या कनातीकडे पाह्यलं.  मंग साहेब उठले अन् उघड्या फयीवर नुसत्या मोज्यानं उभे राह्यले. रईसानं त्यायच्याखालची गादी गुंडायली, दुसरं टोक म्या धरलं.

मांडवाबाहेर दाऊद हातगाडीले टेकून थांबला होता, धापा टाकत. त्यानं गाद्या पाह्यल्या, मंग तिचं तोंड पाह्यलं.

"मशीन?" त्यानं इचारलं.

"नाई भेटली."

"अन् गाद्या? सगळ्या आल्या काय?"

"हो," रईसा म्हनली. "माह्या एकूनएक आल्या."