बाभळीवरचं गाठोडं

इटलीत जर्मनांच्या तोफांपुढं न डगमगलेला आकाराम कराडला सर्व्हिस मोटारीतून उतरला आणि त्याचे पाय जड झाले. घरी बायको वाट बघत होती, पण त्याआधी नदीकाठच्या गावात दगडाबाईच्या दारात उभं राहायचं होतं. तिचा थोरला मुलगा ज्योतिबा आणि आकाराम एकाच दिवशी भरती झालेले. ज्योतिबा तिकडंच राहिला, तो गेल्याची तार घरी आधीच पोचली होती. त्याच्या चितेतून कुणी काही वेचलं नाही, कारण पलटणीला लगेच पुढं सरकायचा हुकूम होता. आईच्या हातात द्यायला आकारामजवळ काहीच नव्हतं, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

पांढऱ्या फडक्याचं एक गाठोडं तेवढं हातात होतं. त्यात फुलाचे गड्डे होते. पुण्याकडं साहेबांच्या बागेत ग्लॅडिओलस असतो ना, त्याचा हा रानटी भाऊ. इटलीच्या गव्हात तणासारखा माजतो, एका दांड्यावर ओळीनं गुलाबी फुलं येतात, आणि तिथले शेतकरी त्याला शिव्या घालतात. नांगरटीत वर आलेले गड्डे आकारामनं बायकोसाठी उचलले होते. लीलाबाईला फुलांचं भारी वेड.

तो दारात पोचतो न पोचतो तोच शेजारचे भाऊसो ओरडले, "थांब रं! उंबऱ्याच्या आत येऊ नगंस. अस्थी घरात न्हेत न्हाईत!"

गावात कुणाचं काय चुकतंय हे बघायला भाऊसो ओट्यावर कायम हजर असत. मेलेल्याचा सोबती आलाय, हातात पांढरं गाठोडं आहे. आणखी काय असणार? बघता बघता आळी जमली. बायकांनी पदर तोंडाला लावले. आकारामनं तोंड उघडलं खरं, पण एवढी माणसं रडत असताना हे फुलाचे गड्डे आहेत म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं ते मिटलं.

दगडाबाई बाहेर आली. हळदीची काढणी चालू होती, तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिनं गाठोड्याची गाठ सोडली, आत बघितलं, जरा वेळ बघितलं, आणि गाठ परत मारली.

"टांगा," ती म्हणाली.

अस्थी जमिनीला टेकवत नाहीत. धाकटा नाथाजीही पलटणीत होता. तो रजेवर येऊन माहुलीच्या संगमावर सोडेपर्यंत गाठोडं दारापुढच्या बाभळीवर राहायचं ठरलं.

"त्येला लय तरास झाला का रं?" दगडाबाईनं विचारलं.

"न्हाई मावशी. गोळी लागली नि झटक्यात गेला."

हे वाक्य प्रत्येक शिपायाला पाठ असतं.

घरी लीलाबाईनं विचारलं, "काय आणलंसा?" आकाराम म्हणाला, "जीव आणलाय, थोडं झालं का?" त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही.

माघात दगडाबाईचा सांगावा आला. आकाराम गेला तर बाभळीखाली ही गर्दी. थंडीच्या दवानं गड्ड्यांनी आपलं काम चोख केलं होतं. फडक्यातून हिरवे कोंब वर आले होते, आणि खाली कुणीतरी नारळ फोडून ठेवला होता.

"ज्योतिबा द्येव झाला," भाऊसोंनी जाहीर केलं. "हितं पार बांधायचा."

"उद्या बांधा," दगडाबाई म्हणाली. तिनं गाठोडं उतरवलं आणि आकारामला घेऊन रानात गेली. हळदीच्या सरीजवळ आल्यावर ती बोलली.

"हाडाला कोंब येत न्हाई, आकाराम."

आकारामची नजर गाठोड्यावर गेली.

"हळद लावण्यात जन्म गेला माजा. गड्डा वळखत न्हाई व्हय मी? त्याच दिशी बगितलं."

"मग बोलला का न्हाई तुमी?"

"तुजं तोंड बगवंना. आन् मलाबी टांगायला कायतरी पायजे हुतं." तिनं गाठ सोडली. "ज्योतिबा पडला तितलं हाय का ह्ये?"

व्हय म्हणणं किती सोपं होतं.

"न्हाई मावशी. तितनं लय लांबचं. बायकूसाठी आणलं हुतं."

दगडाबाईनं एक गड्डा काढून घेतला आणि बाकीचे बांधून त्याच्या हातात दिले. "मग तिला दे. भाऊसोचं मी बगते." खुरप्यानं माती उकरून तिनं तो गड्डा लावला, वरून माती सारखी केली.

"आता दुसरंबी खरं सांग."

आकाराम मटकन खाली बसला. "पोटात लागली हुती. दिस मावळंस्तवर जिता हुता. पाणी मागत हुता."

"दिलंस?"

पोटात गोळी असली तर पाणी द्यायचं नाही, असा सक्त हुकूम होता. आपल्या त्या घोटानंच ज्योतिबा गेला असं आकारामला तेव्हापासून वाटत आलं होतं, आणि हे त्यानं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

"डागदर नगं म्हणला हुता," तो म्हणाला. "तरी दिलं. माज्या हातनंच..."

दगडाबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"दिलंस न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं."

तिनं बांधावरची कळशी उचलून त्याच्यापुढं धरली.

"आता तू पी. उरलं ते त्येला घाल."