बेहड्याखालची तळी

चांदोलीच्या जंगलात शिरताना नाक्यावरच गाडी चालवणाऱ्या रफिकनं बजावलं होतं, "गाडीतनं उतरायचं न्हाय, मावशी." अंबूबाईंनी मान डोलावली. त्या उतरायलाच आल्या होत्या.

जंगल राखीव झालं तेव्हा त्यांचं गाव उठून शिरोळच्या उसात आलं. निघायच्या गडबडीत जात्याची वरची तळी ट्रकात चढली, खालची अंगणातच राहिली. नव्या गावात गिरणी दारात होती, जातं कुणाला लागत नव्हतं. तरी ती एकटी तळी त्यांनी भिंतीला टेकवून जपली. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावताना दर वेळी हात अडखळायचा. म्हणून राजारामपुरीत क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारी सून, पूर्णिमा, पक्षी बघायला निघाली तशा त्या पदराला हळदकुंकवाची पुडी बांधून गाडीत बसल्या.

"आत्ती, तुम्हाला पक्ष्यांची आवड कधीपासनं?"

"तुझ्या लग्नाआधीपासनं. गप बस की."

वळणावर रफिकनं इंजिन बंद केलं. "त्यो बेहडा बघा. ढोलीत धनेशाची मादी हाय."

अंबूबाईंना ढोली दिसलीच नाही. पूर्वी ज्याला वासरू बांधायच्या, तो आपल्या अंगणातला बुंधा दिसला. आणि खाली पाचोळ्यात दगडाची गोल कड.

"रफिक, माझी तळी हाय रं ती! हळदकुंकू लावते न् येते."

रफिकनं मागंपुढं पाहिलं. "बिगीबिगी जावा. मी बघितलंच न्हाय."

पूर्णिमानं दुर्बीण पुढे केली. "आधी वर बघा, आत्ती."

ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. बारीक फटीत चोचीचं टोक.

"अंडी घालायच्या आधी ती स्वतःला कोंडून घेते. नर बाहेरून भरवतो."

"आन् त्यो कुठाय?"

नर पलीकडच्या फांदीवर बसला होता. चोचीत उंबर, नजर गाडीवर.

"मी उतरले तर?"

"उडून जाईल. परत कधी येईल, सांगता येत नाही."

चोचीचं टोक फटीतून बाहेर आलं, उघडलं, रिकामंच आत गेलं. अंबूबाईंनी दाराच्या कडीवरचा हात काढला.

"चल, रफिक. बाईमाणूस उपाशी हाय आत."

गाडी हलली. मागे पंखांचा मोठा आवाज झाला. पूर्णिमानं वळून वर पाहिलं, अंबूबाईंनी खाली.

"पिल्लं कवा उडत्यात गं?"

"पावसाच्या तोंडाला."

"मग खंडेनवमीला येऊ."

"पावसाळ्यात बंद असतंय, मावशी," रफिक म्हणाला. "दसरा झाल्यावरच उघडतंय बहुतेक."

अंबूबाईंनी पदराची सैल झालेली गाठ तेवढी पुन्हा आवळली.