तीनशे हात, पन्नास हात, तीस हात

नोहाचं तारू खरं होतं की नव्हतं, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. मी ते मांडवी बंदराच्या पाण्यावर तरंगताना पाहिलंय. आत दोन कोंबड्या, दोन मांजरं आणि चार खेकडे होते, आणि त्यातल्या एका मांजराने मला ओरबाडलंसुद्धा.

साल एकोणीसशे सत्तावीस. मी अकरा वर्षांची. माझे वडील महिपत, आमचे आबा, किनाऱ्यावर होड्या बांधायचे. आबांच्या हातची होडी म्हटलं की हर्ण्याची माणसं न बघता विसाराचे पैसे देऊन जायची. राग मात्र कायम नाकावर. तो सगळा मीच घेतला, असं आई म्हणायची.

आमच्या मांडवाशेजारी संध्याकाळी दादू मास्तर यायचे. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की किनाऱ्यावर उभं राहून शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायचे. माणूस किडकिडीत, आवाज मात्र भोंग्यासारखा. दुसरे उपदेशक गोष्ट सांगून बोध करत. मास्तरांना बोधाची घाई नसे. गोष्ट शब्दन्‌शब्द घडली, हे समोरच्याला पटल्याशिवाय ते पुढे सरकतच नसत.

एक दिवस ते मूठभर शिंपले घेऊन आले. "हे मला कुठे मिळाले? वर टेकडीवर, कातळावर! समुद्र तिथवर चढल्याशिवाय शिंपले तिथे गेले कसे? हाच नोहाच्या प्रलयाचा पुरावा!"

माझी आई तुळसा मासळीची पाटी घेऊन तिथेच बसलेली. तिने शिंपला हातात घेऊन उलटासुलटा केला. "मास्तर, ह्ये माजे. शिमग्यात वर शिजवून खाल्ले आमी, नि थंयच टाकले."

सगळा किनारा हसला. मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण हटले नाहीत. "बरं, शिंपले सोडा. पण प्रलय तुमच्यातही आहेच की! मत्स्यावतारात काय आहे? पूर आहे, नाव आहे, वाचलेला एक माणूस आहे. जगाच्या दोन टोकांच्या माणसांना एकच गोष्ट कशी सुचेल? घडली म्हणूनच आठवते!"

म्हातारा भागोजी तांडेल डोकं खाजवत म्हणाला, "ता खरा हाय."

एवढं पुरे होतं. मास्तरांना चेव चढला. "आणि तारवाची मापंसुद्धा दिलीत! तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच!"

आबांचा रंधा थांबला. "हात कोनाचा?"

"माणसाचा."

"शीड?"

"नव्हतं."

"सुकानू? वल्ही?"

"काही नाही. एक दार, एक खिडकी."

"मग ता तारू नाय, मास्तर. पेटारा हाय. पयल्या लाटेला पालथा व्हईल."

"होणार नाही! माप देवाने दिलंय."

"माप देवान दिलान, पन बांधलान कोनी?"

मास्तर तावातावाने पुढे आले. "मग तुम्हीच बांधा! लहान बांधा, पण त्याच मापात. बुडालं तर या किनाऱ्यावर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तरंगलं तर तुमची काशी माझ्या शाळेत!"

काशी म्हणजे मी, तेलाचं भांडं घेऊन तिथेच उभी. वर्षभर मी त्या शाळेच्या खिडकीशी घुटमळत होते. शाळेत गेलेली पोर बाटते, नाहीतर उलट बोलते, असं आबांचं मत होतं. उलट तर मी आधीपासूनच बोलत होते. पण बाटण्याची भीती खरी होती, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नव्हतं.

"पाठवीन!" आबा गरजले. "सोमवारी भरतीला या!"

तेवढे दिवस मी रोज भैरीच्या देवळात जाऊन हात जोडले. देवा भैरी, नोहाचं तारू तरू दे, तुला नारळ देईन. भैरीला असलं साकडं आजवर कुणी घातलं नसेल.

दहा हातांना तीन बोटं, असं माप ठरलं. नव्वद बोटं लांब, पंधरा रुंद, नऊ उंच. मास्तर रोज येऊन स्वतःच्या बोटांनी मोजत, आणि त्यांची बोटं बारीक, म्हणून नव्वदाची एकशे दहा होत. "वीस बोटं जास्त!" म्हणून ते ओरडत, आबा हातोडी आपटत, आणि मी मध्ये पडून दोघांना सांगे की एकाच माणसाच्या बोटांनी तिन्ही मापं घ्या म्हणजे झालं. दोघंही माझ्यावरच खेकसत.

रविवारी संध्याकाळी तारू पुरं झालं. फळ्यांच्या सगळ्या फटींत आबांनी कापूस ठोकून वर राळ चढवली होती. फक्त तळाची एक फट सोडून. खिळा सहज आत जाईल एवढी ती उघडी होती. मी आबांकडे बघितलं, तर ते तोंड फिरवून म्हणाले, "जा, आयशीला चुलीकडे मदत कर." मी चुलीपुढे बसून मनसोक्त रडले. आईला सांगितलं, धूर आहे.

सोमवारी भरतीला अख्खी मांडवी लोटली. भागोजी आपला बोकड द्यायला निघाला होता, पण तो दारातून जाईना. शेवटी दोन मांजरं, दोन कोंबड्या, चार खेकडे. "शुद्ध पशू सात सात हवेत!" मास्तर ओरडत होते, पण ऐकतो कोण! आबांनी तारू पाण्यात लोटलं आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ते तरंगत होतं. आत खेकड्याने मांजराला धरलं, मांजराने कोंबडीला, आणि तारू आतल्या आत किंचाळायला लागलं. एवढ्यात आगबोटीवरचे उतारू घेऊन एक पडाव शेजारून गेला आणि त्याची लाट आडवी आली. तारू कलंडलं, खिडकीतून एक कोंबडी फडफडत बाहेर उडाली. "असंच! अगदी असंच!" म्हणत मास्तर छातीभर पाण्यात शिरले. "तिथे कबुतर होतं, एवढाच फरक!" तारू डुलत डुलत सरळ झालं. किनाऱ्यावर बायका पोट धरून वाळूत बसल्या होत्या. मी तर नाचत होते.

तारू ओढून काढलं, मांजरं सोडवताना ओरबाडून घेतलं, आणि मग मी तळाला हात लावला. ती फट भरलेली होती. कापूस गच्च ठोकलेला, वरची राळ इतकी ताजी की माझ्या बोटाला चिकटली.

"आबा, ही फट..."

"कसली फट!" आबा ओरडले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाटेस सोडायला काडला, नि ती दिसली. बुडवायसाठी बांधायला हातच चालत नाय गो. काय करू?"

मला त्या क्षणी माझा बाप फार आवडला.

मास्तर निथळत वर आले. "महिपतदादा, आता तरी नोहा खरा मानता?"

आबांनी तारवावरून हात फिरवला. "शास्तराचा मला ठाव नाय. पन मानूस तारू बांधनारा होता ना? आत जनावरां, बायको, पोरां घेतलान ना? मग त्यान एक फट ठेवली नसंल. तेवढा खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला घेऊन शाळेच्या दाराशी आले. "बाटलीस तर तंगडी मोडीन," असं वाटेत तीनदा सांगून झालं होतं. मास्तरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. बाक डुगडुगला. आबा दारातून परत फिरले होते, ते आवाज ऐकून थांबले, चपला काढून आत आले आणि मला उठवून बाक उलटा केला.

"ह्यावर माजी पोर बसायची हाय," ते मास्तरांना म्हणाले, आणि काखेतली हत्यारांची पिशवी सोडून पटाशी काढली.