धूर मागणारी गल्ली

मी एक जुनी धुराची मशीन आहे, डासांवर धूर सोडतात ती. मित्रांनो, माझ्या ढगात शिरून तुम्ही पुष्कळ नाचलात. आता जरा लांब उभे राहा आणि ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर पट्टी चिकटवली होती. औषध किती, डिझेल किती, माणसांनी किती लांब राहायचं, सगळं तिच्यावर होतं. ती कुणी वाचली नाही. ठेकेदाराचा मुकादम म्हणायचा, "डिझेल वाढव रे. धूर दाट दिसला की लोक गप्प बसतात." डास मेले की नाही, हे विचारतो कोण? फवारणीवाला महिपत मला खांद्याला अडकवून वर्षानुवर्षं फिरला. टाळ्या मला मिळाल्या, खोकला त्याला.

या पावसाळ्यात आम्ही कोलशेतला खाडीकाठच्या गल्लीत गेलो. गुणाजी कोळ्याची सून क्षिप्रा डेंग्यूने दवाखान्यात, प्लेटलेट्स घसरत चाललेल्या. सगळी गल्ली ओरडत होती, "धूर मारा!" महिपतने मला चालू केलं. मी धडधडायला लागले, तोच त्याच गल्लीतली भागीरथीबाय आडवी आली.

"बंद कर पहिलं! मागच्या टायमाला तुझ्या धुरानं माझ्या नातीचा श्वास अडकलेला. समिधाला दमा हाय, ठाऊक नाय तुला?"

मित्रांनो, तो धूर माझाच होता. दाट, मुकादमाच्या मर्जीतला.

गुणाजी उसळला, "नी माझी सून मरू दे काय?"

महिपतने मला बंद केलं. पण मी तापलेली, आतून तडतडत होते. एका दारात दमेकरी पोर, दुसऱ्या दारात डेंग्यू. कुणाचं ऐकू?

साचलेलं पाणी शोधत महिपत भागीरथीबायच्या अंगणात शिरला. तिथे तिच्या मयत नवऱ्याची होडी, पावसाच्या पाण्याने अर्धी भरलेली. धन्याची होडी पालथी घालायची नाही, हा तिचा हट्ट. नारळी पौर्णिमेला ती तिला अजून हळदकुंकू लावते. त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"बाय, या धुरानं अळी मरत नाय," महिपत म्हणाला. "उडता डास मरतो फक्त. उद्या यातून नवे निघतील, नी पयले चावतील तुझ्याच नातीला."

"होरीला हात लावू नको. त्यांची आठवण हाय ती."

"मेलेल्याची होरी, नी जित्या पोरी," गुणाजी म्हणाला. "बोल, काय ठेवतेस?"

भागीरथीबायने होडीचा काठ धरला. मग पहिला खांदा तिनेच लावला. होडी पालथी झाली. पाणी अंगणभर पसरलं.

पण उडणारे डास होतेच. मला सुट्टी नव्हती. गुणाजीने स्वतः समिधाला रिक्षात घालून तिच्या आत्याकडे पोचवलं. महिपतने माझी पट्टी पुसून वाचली, मापात औषध घातलं. गुणाजीच्या नि शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर काढली आणि तेवढ्याच घरांत मला चालवलं. धूर पातळ निघाला.

मागून कुणीतरी बोललंच, "हॅ! आज धूरच नाय मारला नीट."

संताप येतो मला. मित्रांनो, मी विष आहे. ताप घरात शिरला तर मला जरूर बोलवा, पण मापात, आणि तुमचं श्वास अडकणारं पोर दूर नेऊन. मी कुणाच्या पिंपाचं झाकण लावू शकत नाही, कुणाची कुंडी रिकामी करू शकत नाही. क्षिप्रा अजून दवाखान्यात आहे. समिधा उद्या परत येईल, त्याच गल्लीत. भागीरथीबायने आपलं अंगण कोरडं केलं, बाकीची दारं अजून धुराची वाट बघत बसलीत. तुमचंही दार त्यातलंच असेल तर उठा. घरामागे कुठे पाणी साचलंय ते बघून या. मला नंतर हाक मारा.